हरित इमारत आणि निसर्गाशी जोडलेली वास्तू: दोन वेगळे प्रश्न

गावातले समाजमंदिर असो, शहरातले वाचनालय असो की ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र, नव्या सार्वजनिक वास्तूच्या माहितीफलकावर आता ‘हरित’ किंवा ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द बहुधा असतोच. दुसरीकडे, वास्तुविशारदांची एक तरुण पिढी आपल्या कामाचे वर्णन ‘माणूस केंद्रस्थानी ठेवणारी, निसर्गाशी जोडलेली रचना’ असे करते. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, कारण दोन्हींत ऊन, वारा, पाणी आणि झाडे यांचा उल्लेख येतो. मी याच पिढीत काम करते, आणि या गोंधळाचा परिणाम वारंवार पाहते: लोकांना दुसऱ्या प्रकारची जागा हवी असते, प्रस्ताव मात्र पहिल्या प्रकारचा मंजूर होतो, आणि दोन वर्षांनी त्या जागेला कुलूप का लागले याचे उत्तर कोणापाशी नसते.

हरित इमारतीची व्याख्या बऱ्यापैकी पक्की आहे. जी बांधताना आणि वापरताना वीज, पाणी व साहित्य कमी खर्ची पडते आणि कचरा कमी निर्माण होतो, ती हरित इमारत. ती किती हरित आहे हे ठरवण्यासाठी भारतात प्रामुख्याने दोन गुणांकन पद्धती वापरल्या जातात. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या पद्धतीत रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. ऊर्जा व संसाधनांवर संशोधन करणाऱ्या टेरी या संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या साथीने विकसित केलेली ‘गृह’ पद्धत एक ते पाच तारे देते. याखेरीज २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. भिंतींतून व छतातून किती उष्णता आत येऊ द्यावी, काचेचे प्रमाण किती असावे, दिवे आणि वातानुकूलन किती कार्यक्षम असावे, याच्या मर्यादा ती घालून देते. या कामाचे मोल मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ही संहिता १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या (म्हणजे जोडलेल्या सर्व विद्युत उपकरणांच्या एकूण क्षमतेच्या) व्यावसायिक वापराच्या इमारतींसाठी आखलेली आहे. चार पंखे, आठ ट्यूबलाइट आणि एक ध्वनिक्षेपक असलेल्या समाजमंदिराचा जोडभार या आकड्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ज्या लहान सार्वजनिक वास्तूंत बहुतेक माणसे प्रत्यक्ष बसतात-उठतात, त्यांना ही मोजपट्टी लागूच होत नाही, आणि तरीही त्यांच्यावर ‘हरित’ हा शिक्का बसतो, तो बहुधा छतावरच्या सौर पटलांमुळे आणि आवारातल्या हिरवळीमुळे.

निसर्गाशी जोडलेली वास्तू वेगळा प्रश्न विचारते. आत बसलेल्या माणसाला बाहेर पाऊस सुरू झाल्याचे कळते का? सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड त्याला निराळा दिसतो का? वारा कुठून येतो हे त्याला ठाऊक असते का, आणि खिडकी त्याला स्वतःच्या हाताने उघडता येते का? हे प्रश्न हळवेपणाचे वाटू शकतील, पण त्यांना पुराव्याचा आधार आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती असे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. इमारत तीच, उपचार तेच. विजेच्या किंवा पाण्याच्या कोणत्याही हिशेबात हा फरक दिसला नसता.

दोन्हींतला भेद पावसाच्या पाण्याबाबत सर्वांत स्पष्ट दिसतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तेव्हा १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाकाठी सुमारे ७०,००० लिटर पाणी पडते, आणि गळती, बाष्पीभवन व पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी वजा केले तरी ५०,००० लिटरांहून अधिक हाती लागते. हरित इमारतीत हे पाणी पन्हळीतून पाइपात, पाइपातून गाळणीत आणि तिथून शोषखड्ड्यात किंवा टाकीत जाते. गुण मिळतात, भूजलात भर पडते, आणि या सगळ्या प्रवासात पाणी कोणाच्याही नजरेस पडत नाही. निसर्गाशी जोडलेल्या रचनेत तेच पाणी छपराच्या पागोळ्यांनी खालच्या दगडी चरात पडते, अंगणातून उघडे वाहत झाडाच्या आळ्यापर्यंत येते आणि उरलेले शोषखड्ड्यात उतरते. चराला शंभरास एक असा उतार नीट दिला तर पाणी साचत नाही, डासही होत नाहीत. पाण्याचा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. फरक असा की पागोळ्या पडू लागल्या की पडवीत बसलेली माणसे बोलणे थांबवून क्षणभर बाहेर पाहतात, आणि चर पालापाचोळ्याने तुंबला तर तो सर्वांना दिसतो व कोणीतरी काठीने मोकळा करतो. पाइप तुंबल्याचे मात्र भिंतीला ओल आल्यावरच कळते. दिसणारी व्यवस्था लोक राखतात, या एका कारणासाठीसुद्धा मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने उभी राहीन.

उष्णतेबाबतही असेच आहे. दुहेरी काचेची, पूर्ण बंदिस्त आणि कार्यक्षम वातानुकूलनाची इमारत चांगले गुणांकन मिळवू शकते. तिच्यात बसलेल्याला एप्रिल आणि ऑगस्ट यांत काही फरक जाणवत नाही. याउलट वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय पाहावे. १९६३ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत सहा बाय सहा मीटरचे चौरस आहेत, विटांचे खांब आहेत, वर कौलारू छपरे आहेत आणि काचेच्या खिडक्या नाहीत. उजेड आणि वारा लाकडी झडपांतून येतो, काही चौरस आकाशाला मोकळे सोडलेले आहेत आणि त्यांच्यात पाण्याचे एक कुंड आहे. गुणांकनाची कल्पना देशात येण्याच्या कितीतरी आधीची ही वास्तू आहे, आणि माणूस तिच्यात शिरताच सावलीचा अर्थ त्याला अंगावर कळतो.

अशी रचना साधायची तर सूर्य कुठे असतो हे आधी नेमके ठाऊक असावे लागते. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर योग्य मापाचा छज्जा घातला की उन्हाळ्याचे ऊन बाहेर राहते आणि थंडीतले आत येते. पश्चिमेचे ऊन आडवे येत असल्याने छज्जा तिथे निरुपयोगी ठरतो. तिथे पडवी, जाळीची भिंत किंवा झाडच हवे. कोकणातल्या दमट हवेत वारा खेळता ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, तर विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात जाड भिंती, लहान खिडक्या आणि आतला चौक उपयोगी पडतो. एकच नकाशा रत्नागिरीला आणि चंद्रपूरला पाठवला जातो तेव्हा दोन्ही गावांवर अन्याय होतो.

आता ‘माणूस केंद्रस्थानी’ या भागाकडे येऊ. नेहमीचे समाजमंदिर डोळ्यांसमोर आणावे: आयताकृती खोली, पत्र्याचे छप्पर, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पुढे लोखंडी शटर. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो. खिडकीची उंबरठापट्टी, म्हणजे खालची कड, जमिनीपासून तीन फुटांवर असते, कारण नकाशा काढणाऱ्याने खुर्चीवर बसलेला किंवा उभा माणूस गृहीत धरलेला असतो. पण बचत गटाच्या बैठकीत बायका सतरंजीवर बसतात, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात. म्हणजे तिथे बसलेल्या प्रत्येकीला समोर फक्त भिंत दिसते, आणि वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो. हीच पट्टी दीड फुटावर आणली, तर बाहेरचे झाड दिसते, वारा अंगाला लागतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना टेकायला जागाही मिळते. या बदलाला जवळपास काहीच खर्च येत नाही. आणि मुद्दा इथेच उघड होतो: या समाजमंदिरावर सौर पटले बसवली, दिवे एलईडी केले, तर ते कागदावर अधिक हरित होईल, पण बैठक पूर्वीप्रमाणेच शेजारच्या पडवीत किंवा पारावर भरेल.

म्हणून अशा कामात रेघ ओढण्याआधी जागेवर दिवस काढावे लागतात. पहाटे कोण येते, दुपारी सावली कुठे सरकते, शाळा सुटल्यावर मुले कोणत्या वाटेने धावतात, अंधार पडल्यावर बायका कोणता कोपरा टाळतात, हे पाहून टिपावे लागते. नकाशा वाचण्याची सवय नसलेल्यांना कागद दाखवून ‘ठीक आहे ना’ असे विचारण्यात अर्थ नाही. जागेवरच फक्कीने पूर्ण मापाची आखणी करून लोकांना तिच्यात उभे करावे. ‘इथे चपला कुठे काढायच्या?’, ‘तिरडी या दारातून वळेल का?’ असे प्रश्न मग आपोआप येतात, आणि ते कोणत्याही गुणांकनाच्या यादीत सापडत नाहीत. नवी मुंबईत बेलापूरला कोरिया यांनी १९८० च्या दशकात उभारलेल्या वसाहतीत सात घरांमागे आठ बाय आठ मीटरचे एक अंगण आणि असे तीन गट मिळून, म्हणजे २१ घरांमागे, बारा बाय बारा मीटरचे मोठे अंगण ठेवले आहे. किती घरांनी एक अंगण वाटून घेतले तर ते आपले वाटते, याचा हा विचार आहे, आणि माझ्या मते सामुदायिक जागेच्या रचनेत याहून मूलभूत प्रश्न नाही.

निसर्ग असला म्हणजे माणूस केंद्रस्थानी आलाच, असेही समजू नये. अनेक शहरांतली महापालिकेची उद्याने सकाळी व संध्याकाळी उघडी आणि भर दुपारी बंद असतात. ज्या वेळी हमाल, फेरीवाले, घरकामाच्या दोन फेऱ्यांमध्ये थांबलेल्या बायका यांना सावलीची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी शहरातली सर्वांत दाट सावली कुलपात असते. झाडे आहेत, पाणी आहे, पक्षी आहेत. माणूस तेवढा फाटकाबाहेर आहे. उड्डाणपुलाच्या खांबांवर लावलेल्या उभ्या बागा हे या चुकीचे दुसरे टोक, कारण त्यांच्याजवळ कोणी थांबूही शकत नाही. आणि ज्या पारावर गाव शतकानुशतके बसत आले, त्याचे ‘सुशोभीकरण’ करताना खोडाला चिकटून काँक्रीट ओतले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो मुळांना पाणी आणि हवा मिळावी म्हणूनच. पार बांधावा, पण खोडाभोवती माती मोकळी ठेवावी आणि दगड चुन्यात किंवा कोरडे रचावेत, म्हणजे पाणी झिरपते.

दोन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात, आणि आल्या आहेत. हैदराबादचे सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००४ मध्ये सुरू झाले. अमेरिकेबाहेर लीड या अमेरिकी पद्धतीचे प्लॅटिनम गुणांकन मिळवणारी ती पहिली इमारत, आणि तिच्यात मधला चौक, जाळ्या, वाऱ्याचे मनोरे हे सगळे आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरममध्ये उभारलेल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात विटांच्या जाळ्यांमधून उजेडाचे कवडसे येतात, आणि उभ्या विटांची पोकळ भिंत बांधण्याची त्यांनी रूढ केलेली पद्धत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवते व मधल्या हवेमुळे खोली थंड ठेवते. इथे काटकसर आणि आपुलकी एकाच भिंतीत आहेत. पण असे आपोआप घडत नाही. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले गेले तरच घडते.

आणि दुसरा प्रश्न विचारला जात नाही याचे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. सार्वजनिक कामाचे अंदाजपत्रक राज्य दरसूचीवरून तयार होते. पेव्हर ब्लॉकचा प्रति चौरस मीटर दर, पत्र्याचा दर, ॲल्युमिनियम खिडकीचा दर तिच्यात मिळतो. लोकांसोबत जागेवर काढलेल्या दिवसांचा दर तिच्यात नाही, कारण ती बांधकामाची यादी आहे. वास्तुविशारदाचे शुल्कही बहुतेक वेळा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत ठरते, त्यामुळे जो विचार करून खर्च कमी करतो त्याचेच शुल्क घटते. ग्रामपंचायत, गृहनिर्माण संस्था किंवा विश्वस्त मंडळ काम देत असेल, तर त्यांनी कार्यादेशात ‘पूर्वअभ्यास’ ही स्वतंत्र बाब ठरावीक रकमेसह घालावी, तिच्यात जागेवरची निरीक्षणे, वापरणाऱ्यांच्या बैठका आणि फक्कीची आखणी यांचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि वास्तू वापरात आल्यावर एक उन्हाळा व एक पावसाळा उलटला की त्याच वास्तुविशारदाने पुन्हा येऊन काय चालले आणि काय फसले हे लेखी द्यावे, अशी अट ठेवावी.