राजा न म्हणवता राज्य करणारा ऑगस्टस

रोमच्या टांकसाळीत जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर उमटवण्याची रीत नव्हती. इ.स.पू. 44 च्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने ती मोडली आणि चेहऱ्याशेजारी ‘कायमचा हुकूमशहा’ असा किताबही कोरून घेतला. त्याच वर्षी 15 मार्चला त्याचा खून झाला. गंमत अशी, की राजेशाहीला विरोध म्हणून खंजीर उपसणाऱ्या ब्रूटसनेही पुढे स्वतःच्या चेहऱ्याचे नाणे पाडले. मागच्या बाजूला दोन खंजीर होते. सत्ता हवी तर चेहरा घरोघरी पोचला पाहिजे, हे दोन्ही पक्षांना कळून चुकले होते.

हा धडा सर्वांत नीट गिरवला तो सीझरच्या भाचीच्या मुलाने. मृत्युपत्रानुसार दत्तक गेलेला ऑक्टेव्हियन, म्हणजेच पुढचा ऑगस्टस, तेव्हा अवघा 18 वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात त्याने सीझरच्या स्मरणार्थ खेळ भरवले आणि नेमका आकाशात धूमकेतू दिसला, तोही सलग सात दिवस. सीझरचा आत्मा स्वर्गी गेला, असे लोक म्हणू लागले. इ.स.पू. 42 मध्ये सिनेटने सीझरला देव ठरवले. आता ऑक्टेव्हियन ‘देवाचा पुत्र’ झाला आणि नाण्यांवर तसे छापूही लागला. लष्करी अनुभव बेताचा असलेल्या पोराला याहून मोठे भांडवल कोणते?

सत्तेतला प्रतिस्पर्धी, सेनापती अँटनी याच्याविरुद्धचा संघर्ष समुद्रावर लढला गेला, त्याआधीच तो लोकांच्या मनात लढला गेला होता. इ.स.पू. 32 मध्ये ऑक्टेव्हियनने व्हेस्टा देवीच्या पुजारिणींकडे ठेवलेले अँटनीचे मृत्युपत्र हस्तगत केले आणि जाहीरपणे वाचून दाखवले. आपला देह अलेक्झांड्रियात इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्याकडे पोचवावा, अशी इच्छा त्यात होती म्हणे. रोमचा सेनापती परक्या राणीच्या नादी लागला, एवढे पसरायला तेवढे पुरले. युद्धही अँटनीविरुद्ध नव्हे, क्लिओपात्राविरुद्ध पुकारले गेले. आपल्याच माणसांशी लढतो आहोत, हे कुणाला कबूल करावे लागले नाही.

युद्ध ऑक्टेव्हियनने जिंकले. इ.स.पू. 27 मध्ये सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली. त्याने राजा हा शब्द कटाक्षाने टाळला. एका वर्षात 82 देवळांचा जीर्णोद्धार केला, इ.स.पू. 12 मध्ये मुख्य धर्माधिकारीपद घेतले. शहरात उभारलेले स्वतःचे सुमारे 80 चांदीचे पुतळे वितळवून त्याने अपोलोच्या देवळाला सोन्याची दाने दिली. नम्रता दाखवायचीच, तर ती सर्वांना दिसेल अशी दाखवावी.

त्याच्या प्रचाराचा खरा कस लागला तो पार्थिया या पूर्वेकडच्या शत्रुराज्याच्या प्रकरणात. इ.स.पू. 53 मध्ये कारीच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससच्या फौजेने गमावलेली निशाणे इ.स.पू. 20 मध्ये वाटाघाटीने परत मिळाली. लढाई झालीच नव्हती. पण नाण्यांवर गुडघे टेकून निशाण परत देणारा पार्थियन झळकला, आणि प्रिमा पोर्टा येथे सापडलेल्या ऑगस्टसच्या प्रसिद्ध पुतळ्याच्या उरस्त्राणावर मधोमध तोच प्रसंग आला. पुतळ्याचे पाय देवांसारखे अनवाणी आहेत. पायाशी डॉल्फिनवर बसलेला क्यूपिड, व्हीनस देवीचा मुलगा, आहे, म्हणजे घराण्याचे मूळ थेट व्हीनसपर्यंत. चेहरा तरणाबांड. इ.स. 14 मध्ये ऑगस्टस वारला तेव्हा तो 75 वर्षांचा होता. पुतळ्यांत तो कधी म्हातारा झालाच नाही. एकही खोटे वाक्य न उच्चारता खोटे कसे बोलावे, याचा हा पुतळा नमुना आहे, असे मला वाटते.

इ.स.पू. 9 मध्ये शांतिदेवीची संगमरवरी वेदी अर्पण झाली. तिच्या भिंतीवरच्या मिरवणुकीत राजघराण्यातली लहान मुले मोठ्यांच्या वस्त्रांना धरून चाललेली दिसतात. रोमच्या सरकारी शिल्पात तोवर मुलांना फारशी जागा नव्हती. वारसाचा प्रश्न इतक्या घरगुती रूपात मांडलेला पाहून कोण हरकत घेणार? पुढे गायस आणि ल्युशियस या नातवांना त्याने नाण्यांवर आणले. दोघेही त्याच्या हयातीतच गेले. ती नाणी मात्र मिरी आणि इतर मालाच्या व्यापारातून दक्षिण भारतात मोठ्या संख्येने आली. इथे भाव होता चांदीला; नातवंडांचे कुणाला काय?

शेवटी त्याने आपल्या कामगिरीचा लेखाजोखा लिहून ठेवला आणि तो समाधीपुढे ब्राँझच्या पत्र्यांवर कोरला गेला. भारतातल्या राजांचे दूत आपल्याकडे वारंवार आले, हेही त्यात अभिमानाने नोंदवले आहे. अँटनीचे नाव मात्र एकदाही येत नाही. ब्राँझचे मूळ पत्रे नष्ट झाले. मजकूर उरला तो मुख्यतः आजच्या अंकारातल्या देवळाच्या भिंतींवर.

1938 मध्ये मुसोलिनीने शांतिवेदीचे तुकडे जुळवून ती टायबर नदीकाठी नव्या इमारतीत उभी केली आणि त्या इमारतीच्या भिंतीवर हाच मजकूर कोरून घेतला. 2006 मध्ये तिथे नवे संग्रहालय झाले. मुसोलिनीची इमारत गेली, मजकुराची भिंत तेवढी ठेवली आहे.