बुलेटसाठी नवी कॅम घेण्याआधी

कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता तुकडा. काउंटरवर रोजची विचारणा एकच: "मोठी कॅम आहे का?" आहे. पण आधी गाडी कुठे आणि कशी चालते ते सांगा.

हे पत्रक कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० बुलेटपुरतं आहे (बोअर ७० मि.मी., स्ट्रोक ९० मि.मी.). यूसीई इंजिनात (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं नंतरचं इंजिन) हायड्रॉलिक म्हणजे ऑइलच्या दाबावरचे टॅपेट असतात (टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारा खुंट), त्याला या कॅमा चालत नाहीत.

मोठी कॅम व्हॉल्व्ह नुसता जास्त उघडत नाही, जास्त वेळ उघडा ठेवते. इनलेट (मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) उशिरा बंद होतो. इंजिन जोरात फिरत असेल तर ते फायद्याचंच. हळू फिरताना मात्र वर येणारा पिस्टन आत घेतलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. मग सामान लादून डबलसीट कशेडी घाट चढताना टॉपला ओढणारी गाडी थर्ड मागते, आयडलची धकधकही बिघडते. गावात, घाटात, कामावर जायला गाडी असेल तर स्टॉक कॅमच घ्या. आम्हाला त्यात कमी सुटतं, तरी हेच सांगतो. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर आधीच बदललाय आणि हायवेलाच चालवता, तर मधली कॅम बघू. रेसची कॅम हवी असेल तर स्प्रिंगही बदलाव्या लागतात, आणि पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर बघावं लागतं: इनलेटला किमान १.५, एक्झॉस्टला २ मि.मी.

आता खरी डोकेदुखी. नवी कॅम, जुने टॅपेट. टॅपेटचा तळ उजेडात तिरपा धरा, नख फिरवा. कड लागली किंवा मधे खळगा दिसला की तो टॅपेट नव्या कॅमचं वरचं कडक कातडं खरवडणारच. थोड्याच दिवसांत टिकटिक सुरू होते, ऑइलमध्ये चंदेरी चुरा दिसतो, आणि "कॅम डुप्लिकेट दिली" म्हणून आमच्याशी भांडण. म्हणून आम्ही दोन्ही टॅपेटसह सेटच देतो. बिल फुगवायला नव्हे.

बसवताना कॅमच्या नाकावर (उंच टोकावर) असेंब्ली पेस्ट लावा. इग्निशन बंद ठेवून रॉकरपर्यंत (वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत) ऑइल येईतो किक मारा. टॅपेट सेटिंग थंड इंजिनावरच: पुशरॉड (टॅपेट आणि रॉकरमधली काठी) दोन बोटांत सहज फिरावी, वरखाली खेळू नये. कॅमच्या चिठ्ठीत वेगळं अंतर असेल तर ते धरा. सुरू झाल्यावर आयडलला सोडू नका. तेव्हा पंप हळू फिरतो आणि स्प्रिंगचा सगळा दाब कॅमच्या नाकावर येतो. थोडी रेस देऊन ठेवा, मग एक फेरी मारून आणा. ५०० कि.मी.ला ऑइल बदला.

तक्रार असेल तर कॅमसोबत टॅपेटही आणा. ते पाहिल्याशिवाय कॅम बदलून मिळत नाही.