लावलेली किडनी जागी होईपर्यंत

किडनी प्रत्यारोपणाचं ऑपरेशन आटोपून डॉक्टर बाहेर आले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘लघवी सुरू झाली का?’ कधी उत्तर मिळतं, ‘अजून नाही. किडनी झोपेत आहे, थोडे दिवस डायलिसिस करावं लागेल.’ अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून आलेल्या घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. किडनी बसली की डायलिसिस सुटतं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. मग आपल्या माणसाला पुन्हा त्याच मशीनला का जोडलं, किडनी खराबच निघाली का, असे प्रश्न दबक्या आवाजात सुरू होतात.

बहुतेक वेळा ती खराब नसते. प्रत्यारोपणानंतर पहिल्या सात दिवसांत डायलिसिस लागलं, तर डॉक्टर त्याला किडनीचं काम उशिरा सुरू होणं म्हणतात. यातल्या बहुतेक किडन्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत कामाला लागतात. पण हा उशीर निरुपद्रवी नाही. दवाखान्यातला मुक्काम वाढतो, खर्च वाढतो, शरीराने किडनी नाकारण्याचा धोकाही वाढतो. म्हणून हा पहिला आठवडा सुधारणारं औषध जग कित्येक दशकं शोधत आहे.

23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली, तेव्हा ही अडचण आली नाही. दाता जिवंत आणि धडधाकट होता, किडनीला फार प्रवास नव्हता, रक्त सोडताच लघवी आली. आजही जिवंत दात्याच्या किडनीत हा उशीर क्वचितच होतो. मृत व्यक्तीची किडनी बर्फात ठेवून दुसऱ्या गावी नेणं सुरू झालं, तेव्हा चित्र पालटलं. 1969 मध्ये काढलेली किडनी टिकवण्यासाठी कॉलिन्स या संशोधकाचं थंड द्रावण आलं, 1980च्या दशकात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातलं त्याहून चांगलं द्रावण आलं. किडनी तासन्‌तास टिकू लागली, पण प्रत्येक तासाची किंमत ती पुढे वसूल करते.

थंडीत पेशींचं काम मंदावतं, थांबत मात्र नाही. प्राणवायू नसल्याने पेशीतली ऊर्जा संपते, सोडियम आत शिरतो, पेशी सुजते. खरा घाव त्यानंतर बसतो. नव्या शरीराचं गरम रक्त किडनीत शिरलं की प्राणवायूपासून तयार होणारे घातक कण एकाच वेळी उसळतात आणि लघवी तयार करणाऱ्या बारीक नळ्यांचं अस्तर गळून पडतं. ते पुन्हा वाढेपर्यंत किडनी गप्प राहते.

सुरुवातीची औषधं लघवी ओढून काढणारी होती. रक्त सोडण्याआधी मॅनिटॉल, नंतर फ्युरोसेमाइड. फ्युरोसेमाइडने लघवीची पिशवी भरते, घरच्यांना हायसं वाटतं, पण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, तेवढ्याने उतरत नाही. मग डोपामिन या औषधाचा काळ आला. त्याचा अगदी कमी डोस किडनीचा रक्तपुरवठा वाढवतो, या समजुतीवर कितीतरी वर्षं त्याचे ड्रिप चालले. 2000 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंमधल्या 328 रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा किडनीला काही फायदा दिसला नाही. ते रुग्ण प्रत्यारोपणाचे नव्हते, तरी त्या समजुतीचा पाया तिथेच ढासळला.

त्याआधीच, 1983 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सायक्लोस्पोरिनने प्रत्यारोपणाचं नशीबच बदललं होतं. शरीर किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं हे औषध किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळतं. नंतर आलेल्या टॅक्रोलिमसचाही तोच स्वभाव. झोपलेल्या किडनीला हे आवळणं सोसवत नाही, म्हणून अनेक ठिकाणी सुरुवातीला किडनी नाकारणाऱ्या पेशींना रोखणाऱ्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीची) इंजेक्शनं देऊन ही औषधं थोडी उशिरा किंवा कमी मात्रेत सुरू करण्याची रीत पडली. अलीकडच्या महागड्या नव्या रेणूंपैकी काही मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचले आणि तिथेच अडले. रक्तवाढीसाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिननेही निराशाच केली.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. तेच डोपामिन रुग्णाला न देता मेंदूमृत (मेंदू कायमचा बंद पडलेल्या, पण मशीनच्या आधाराने हृदय चालू असलेल्या) दात्याला, किडनी काढण्याआधी दिलं, तेव्हा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 264 दात्यांच्या चाचणीत एकाहून जास्त वेळा डायलिसिस लागणाऱ्यांचं प्रमाण 35.4 टक्क्यांवरून 24.7 टक्क्यांवर आलं. 2015 मध्ये अमेरिकेत अशाच दात्याचं शरीर 34 ते 35 अंश सेल्सिअसवर, म्हणजे नेहमीपेक्षा थोडं थंड ठेवलं, तेव्हा उशिरा सुरू होणाऱ्या किडन्या 39 टक्क्यांऐवजी 28 टक्के निघाल्या.

आणि सलाइन! रिंगर लॅक्टेट या शिरेतून देण्याच्या द्रावणात थोडं पोटॅशियम असतं आणि बंद किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून किडनीच्या रुग्णाला नॉर्मल सलाइनच द्यायचं, असा पूर्वापार नियम. 2005 मधल्या 51 रुग्णांच्या छोट्या चाचणीत उलटंच घडलं: पोटॅशियम चढलं ते सलाइनवाल्यांचं. सलाइनमधल्या जादा क्लोराइडने रक्त आम्लधर्मी होतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं. मग 2023 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मृत दात्याची किडनी मिळालेल्या 808 रुग्णांवर तपासलं गेलं. सलाइन मिळालेल्यांत 40 टक्के किडन्या उशिरा सुरू झाल्या, रक्ताशी मिळतंजुळतं संतुलित द्रावण मिळालेल्यांत 30 टक्के. इतकी वर्षं नव्या औषधाची वाट पाहिली, आणि फरक पडला तो बाटली बदलून.

सोलापूरसाठी हा इतिहास दूरचा नाही. 1994 च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीचे अवयव देण्याला मान्यता मिळाली. अवयववाटपात आपला जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या क्षेत्रात येतो. इथे कुणाचं अवयवदान झालं आणि किडनी पुण्याला जायची असली, तर तिला अडीचशे किलोमीटरचा रस्ता बर्फाच्या पेटीत काढावा लागतो. पोलीस वाहतूक थांबवून वाट मोकळी करतात, तेव्हा वाचणारं प्रत्येक मिनिट त्या नळ्यांच्या अस्तराचं असतं.

पण पेटी निघण्याच्या कितीतरी आधी, इथल्याच आयसीयूत बरंच काही ठरून गेलेलं असतं. मेंदू मृत झाला की अनेकदा लघवी आवरणारं संप्रेरक, व्हॅसोप्रेसिन, बनणं थांबतं. शरीरातून लीटरच्या लीटर पाणी जातं, सोडियम चढतो, रक्तदाब कोसळतो. हातचं माणूस गेल्याचं घरच्यांना कळलेलं असतं, आणि तरी नर्स तासातासाला लघवी मोजून तेवढं पाणी भरून काढत असते, बाहेरून दिलेल्या व्हॅसोप्रेसिनची मात्रा सांभाळत असते. त्या रात्री सोलापुरात राखलेला रक्तदाब पुण्यातल्या एखाद्या अनोळखी रुग्णाच्या पिशवीत दुसऱ्या दिवशी लघवी होऊन उतरतो.