त्रानीचा दिवस : आमच्या पुलिया (दक्षिण इटली) टूरवर येणाऱ्यांसाठी

बुकिंग झालं की बहुतेक सगळ्यांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, त्रानीला अख्खा दिवस कशाला, चर्च तर एकच आहे, दोन तासात उरकून संध्याकाळी बारीत शॉपिंग करू. म्हणून हे एकदाच नीट लिहून देतोय, निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळची वेळ. बारी शहराहून त्रानी हे बंदराचं गाव ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास आहे, त्यामुळे लोकांना वाटतं आरामात निघू, मग हॉटेलचा ब्रेकफास्ट लांबतो, कोणीतरी परत रूमवर जातं, आणि आपण पोचतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. इटलीच्या या भागात दुपारी चर्च बंद होतात, उघडतात ती साडेतीन-चारच्या सुमाराला (वेळा सीझनप्रमाणे पुढेमागे होतात, पण दुपारची सुट्टी असतेच). एकजण लेट झाला तर अख्ख्या ग्रुपचे तीन तास जातात. आम्ही नऊच्या आत निघा म्हणून मागे लागतो ते याच्यासाठी, कृपया राग मानू नका.

आता कॅथीड्रलबद्दल, म्हणजे त्रानीच्या मुख्य चर्चबद्दल, ते संत निकोलसच्या नावाचं आहे. "सेंट निकोलस बारीत पाहिला की, परत तोच?" हेही खूपजण विचारतात. तो नाही हो! बारीतला निकोलस म्हणजे सांताक्लॉजची गोष्ट ज्याच्यावरून आली तो, त्याच्या अस्थी बारीच्या खलाशांनी १०८७ मध्ये मायरा गावातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आणल्या आणि बारीला यात्रेकरूंची रीघ लागली. त्रानीचा निकोलस वेगळा, हा ग्रीसमधून आलेला तरुण मुलगा, हातात क्रॉस घेऊन "कीरिये एलेइसोन" म्हणजे "प्रभू, दया कर" असं ओरडत पुलियात फिरायचा. १०९४ मध्ये तो त्रानीत वारला, पाच-एक वर्षांत पोप उर्बान दुसरे यांच्या काळात तो संत ठरला आणि १०९९ मध्ये त्याच्यासाठी हे कॅथीड्रल बांधायला घेतलं. शेजारच्या बंदराकडे एक निकोलस असताना आपल्याकडेही हवा, ही चुरस त्यात होतीच असं आमचं मत आहे, कारण जागा निवडली ती थेट पाण्याच्या काठावर, समुद्रातून येणाऱ्या जहाजाला लांबूनच दिसेल अशी.

बहुतेक ग्रुप पायऱ्या चढून वरच्या चर्चमध्ये जातात, फोटो काढतात आणि बाहेर पडतात. आम्ही उलट करतो, खालून सुरुवात करतो. एखाद्या जुन्या वाड्याच्या तळघरावर मजले चढवावेत तसं हे प्रकरण आहे : सगळ्यात खाली सान लेउच्यो नावाची जागा, समुद्राच्या पातळीच्याही खाली, त्याच्यावर सांता मारिया हे जुनं चर्च आणि संत निकोलसची क्रिप्ट म्हणजे तळघरातली समाधीची जागा, बारीक खांबांचं जंगलच आहे तिथे, आणि मग सगळ्याच्या वर मोठं, उंच, जवळजवळ रिकामं चर्च. खालून वर आलात की त्या उंचीचा अर्थ लागतो. वरचं ब्राँझचं दार बारिसानो दा त्रानी या कलाकाराचं आहे, बाराव्या शतकातलं, त्यानेच रावेल्लो आणि मोनरेआलेच्या चर्चची दारंही केली. मूळ दार आता आत ठेवलंय, त्यामुळे बाहेरचं बघून निघू नका. बेल टॉवरच्या खालून आरपार कमान आहे, एवढा उंच मनोरा कमानीवर कसा उभा असा प्रश्न पडतोच, तर तो १९५० च्या दशकात दगड न् दगड उतरवून परत बांधलाय.

जेवणानंतर बंदर. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३३ मध्ये सुरू केलेला किल्ला कॅथीड्रलच्या शेजारीच आहे, १९७० च्या दशकापर्यंत तिथे तुरुंग होता. बंदराच्या काठावर टेम्पलर सरदारांचं (क्रूसेडच्या काळातले लढवय्ये साधू) ओन्यिसांती चर्च, ज्याची पाठ पाण्याकडे आहे. मधल्या गल्ल्यांमध्ये ज्यू वस्ती होती, चार सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं होती, पैकी स्कोलानोव्हा आणि सांत'आन्ना उभी आहेत. दोन्हींची पुढे चर्चं झाली होती, आज स्कोलानोव्हात परत प्रार्थना होते आणि सांत'आन्नात म्युझियम आहे. ११६० च्या दशकात स्पेनचा ज्यू प्रवासी बेंजामिन इथे आला तेव्हा जेरुसलेमला जाणारे यात्रेकरू याच बंदरात जमायचे असं त्याने लिहून ठेवलंय. समुद्री व्यापाराचे जुने कायदे म्हणून "ओर्दिनामेंता मारिस"चं नावही इथलंच, त्यावर १०६३ साल आहे, त्या सालाबद्दल अभ्यासकांत वाद आहे पण नियम वाचण्यासारखे आहेत, आमचा गाईड त्यातले एक-दोन सांगतो.

खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, ऊन कितीही असो. बूट सपाट तळाचे, कारण गल्लीतला दगड घासून गुळगुळीत झालाय.

"कास्तेल देल मोन्ते त्याच दिवशी जोडा" असंही म्हणतात, आम्ही जोडत नाही. तो अष्टकोनी किल्ला डोंगरावर आहे, इटलीच्या एक सेंटच्या नाण्यावर तोच असतो, त्याला अर्धा दिवस वेगळा हवा आणि आमच्या सात दिवसांच्या प्लॅनमध्ये तो घेतलाय. ज्यांचं पाच दिवसांचं बुकिंग आहे त्यांना वाढवायचं असेल तर तिकिटं काढायच्या आधी ऑफिसला कळवा, नंतर हॉटेल बदलणं अवघड जातं आणि खर्चही वाढतो.