बॅलन्सिंग टँक ही साठवणीची टाकी नव्हे

बंगल्याच्या आवारात जलतरण तलाव बांधायचा असला की नकाशात तलावाशेजारी एक चौकोन दिसतो आणि त्यावर बहुतेक वेळा ‘भूमिगत टाकी’ एवढेच लिहिलेले असते. पाणी काठोकाठ भरून कडेच्या पन्हळीत सांडणारा, म्हणजे ओव्हरफ्लो पद्धतीचा तलाव असेल, तर तो चौकोन बॅलन्सिंग टँकचा, म्हणजे तलावातून सांडलेले पाणी झेलणाऱ्या टाकीचा, असतो. ‘टाकी’ हा शब्द वाचताच गवंडी, प्लंबर आणि पुष्कळदा मालकही तिच्याकडे घरच्या पाण्याच्या टाकीच्या नजरेने पाहतात. या एका शब्दापायी होणारे नुकसान मी इतक्या वेळा पाहिले आहे की नकाशावर ‘भूमिगत टाकी’ लिहिण्यास माझा ठाम विरोध आहे.

साठवणीची टाकी सर्वांच्या परिचयाची आहे. पाणी येते तेव्हा ती भरायची, लागेल तसे वापरायचे, आणि काठाशी लावलेला बॉलकॉक पुरेसे भरले की पाणी बंद करतो. बॅलन्सिंग टँकचे बांधकाम वरवर तसेच असते. आरसीसीच्या भिंती, आतून वॉटरप्रूफिंग, माणूस उतरू शकेल एवढे झाकण. तिला आतून टाइल लावाव्यात की नुसता गिलावा पुरे, यावर तासन्‌तास चर्चा होते; त्याने विशेष काही बिघडत नाही.

खरा फरक पातळीचा आहे. साठवणीच्या टाकीत उपयोगी असते ते पाणी, तर बॅलन्सिंग टँकमध्ये पाण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाची असते ती पाण्यावरची रिकामी जागा. ओव्हरफ्लो तलावाची पातळी काठाला खिळलेली असते, त्यामुळे तलावात जे जास्तीचे होईल ते पन्हळीतून टाकीत उतरते आणि पंप ते गाळून पुन्हा तलावात चढवतो. स्किमरच्या, म्हणजे काठाखाली भिंतीतल्या तोंडातून पाणी ओढून घेणाऱ्या, तलावात हा चढउतार तलावातच होतो, म्हणून तिथे या टाकीची गरज पडत नाही.

आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद असा तलाव घेऊ. त्याचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर, म्हणजे पातळीच्या एका मिलिमीटरमागे 32 लिटर पाणी. पंप चालू असताना पाणी काठाच्या वर सुमारे 10 मिलिमीटर उभे राहते असे धरले, तर हा थर 320 लिटरचा झाला. भोवतीच्या 24 मीटर लांबीच्या पन्हळीत 20 सेंटिमीटर रुंदीत पाच सेंटिमीटर पाणी वाहत असेल, तर ते 240 लिटर होते. पंप थांबताच हे 560 लिटर पाणी टाकीत येते. सत्तर किलोचा माणूस पूर्ण बुडाला की साधारण 70 लिटर पाणी बाजूला सारतो, तेव्हा आठ जण उतरले की आणखी 560 लिटर. टाकीचे तळक्षेत्र दोन चौरस मीटर असेल, तर या 1,120 लिटरने पातळी 56 सेंटिमीटर चढते. एवढी जागा सदैव मोकळी हवी. तिच्याखाली पंपाने हवा ओढू नये म्हणून सक्शनच्या तोंडावर सुमारे 30 सेंटिमीटर पाणी आणि फिल्टरच्या बॅकवॉशसाठी, म्हणजे तो उलट्या प्रवाहाने धुण्यासाठी, लागणारे पाणी एवढेच कायमचे असावे.

आता घरच्या टाकीची सवय असलेला प्लंबर काय करतो ते पाहा. तो बॉलकॉक वर, ओव्हरफ्लोच्या नळीच्या जरासा खाली बसवतो. रात्री पंप बंद झाला किंवा गावात वीज गेली की वरून आलेल्या 560 लिटरना जागाच नसते आणि ते नळीतून गटारात जातात. सकाळी पंप सुरू झाला की टाकीची पातळी तेवढीच उतरते, बॉलकॉक उघडतो आणि विहिरीचे किंवा टँकरचे 560 लिटर नवे पाणी आत येते. दररोज एकदा असे झाले तरी महिन्याला 16,800 लिटर पाणी जाते, आणि त्यात घातलेले क्लोरीनही जाते. ओव्हरफ्लोची नळी काढलेलीच नसेल, तर तेच पाणी झाकणातून वर येते आणि शेजारच्या खोलगट पंपरूममध्ये मोटरीपर्यंत पोहोचते.

याहून वाईट वाटते ते पुढच्या निदानाचे. पाणी कमी होते म्हणजे तलाव गळतो असे ठरवून चांगल्या टाइल फोडल्या जातात आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला पुन्हा बोलावले जाते. वास्तविक पंप आणि भरणीचा नळ बंद ठेवून दुसऱ्या दिवशी तलावाची पातळी पाहणे पुरते. ती बाष्पीभवनाच्या काही मिलिमीटरपलीकडे उतरली नसेल, तर छिन्नी हातात घेऊ नये. ती बरीच उतरली असेल, तरीही आधी टाकी पाहावी, कारण पंपाच्या लाइनवरील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, उघडीच अडकली असेल, तर तलावाचे पाणी उलट दिशेने खाली येते.

पावसाचा हिशेब वेगळा ठेवावा. अलिबाग किंवा लोणावळ्याला 100 मिलिमीटर पाऊस झाला की याच तलावावर 3,200 लिटर पाणी पडते. ते साठवण्यासाठी टाकी मोठी करण्याचा आग्रह मला पटत नाही. ते नळीने उतारावर सोडावे. घरवापराचे किंवा बागेचे पाणीही या टाकीत ठेवू नये. इतक्या टाकीला आणि पंपरूमला जागा देण्याची तयारी नसेल, तर छोट्या बंगल्यासाठी स्किमरचाच तलाव निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

ओव्हरफ्लोच हवा असेल, तर नकाशावर टाकीच्या आकारासोबत तीन पातळ्या लिहून घ्याव्यात: बॉलकॉक कुठे बंद होतो, पंप आणि आठ माणसांचे पाणी आल्यावर पातळी कुठे पोहोचते, आणि ओव्हरफ्लोची नळी कुठे आहे. काम ताब्यात घेण्यापूर्वी पंप तासभर चालवून टाकीत खडूने खूण करावी, पंप बंद करावा आणि पाणी स्थिरावेपर्यंत त्या नळीपाशी उभे राहावे. तिच्यातून थेंबही बाहेर येता कामा नये.