पाइपातला साबण ढकलू नये, ओढावा

दिवाळीच्या आसपास घरी साबण करून पाहण्याची हौस अनेकांना येते. आपल्याकडे दिवाळीच्या साबणाची वडी गोल असावी असा ‘मोती’ने घालून दिलेला पायंडा आहे, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणायचा, एका टोकाला एंड कॅप, म्हणजे टोपण, बसवायची आणि त्यात साबणाचे मिश्रण ओतायचे, ही युक्ती लोकप्रिय झाली आहे. युक्ती चांगलीच आहे, अडचण एवढीच की घट्ट झालेला साबण पाइपातून सहजी बाहेर निघत नाही. या अडचणीवर हमखास दिला जाणारा एक सल्ला मात्र चुकीचा आहे: ‘साबण सहज सुटावा म्हणून पाइपाला आतून खोबरेल तेलाचा हात फिरवा.’

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड, यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा क्षार. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले (फॅटी ॲसिड) एस्टर नावाच्या रासायनिक बंधांनी जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा हे बंध तोडतो, मेदाम्लांचे सोडियम क्षार बनतात आणि ग्लिसरीन मोकळे होते. 100 ग्रॅम खोबरेल तेलाला यासाठी सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर ऑलिव्ह तेलाला 13 ते 14 ग्रॅम पुरतो. मिश्रण पाइपात ओतले जाते तेव्हा त्यातला बराचसा सोडा अभिक्रियेच्या प्रतीक्षेत असतो. भांड्यातले तेल कोणते आणि भिंतीला लावलेले कोणते, हा भेद त्याला कळत नाही. त्यामुळे वंगण म्हणून लावलेल्या थराचाही साबणच होतो आणि तो वडीशी एकजीव होऊन भिंतीला चिकटून बसतो. लावायचेच असेल तर पेट्रोलियम जेली लावावी. ती हायड्रोकार्बनांची, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगांची, बनलेली असते, तिच्यात एस्टर बंध नसतात आणि त्यामुळे सोड्याला तोडण्याजोगे तिच्यात काही सापडत नाही.

साच्याची निवडही याच कसोटीवर करता येते. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या ज्या पीईटी प्लास्टिकच्या असतात ते पॉलिएस्टर आहे, म्हणजे त्याचीही साखळी एस्टर बंधांचीच असते आणि कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली तिला हळूहळू कुरतडते. ॲल्युमिनिअमचा डबा तर वापरूच नये, कारण त्याची कॉस्टिक सोड्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. पीव्हीसीच्या साखळीचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असल्यामुळे साबणाच्या मिश्रणाच्या तापमानाला सोडा तिचे फारसे काही बिघडवू शकत नाही. पाइप मात्र नवाच घ्यावा. जुन्या पाइपांच्या प्लास्टिकमध्ये स्थिरीकारक म्हणून, म्हणजे प्लास्टिक उष्णतेने बिघडू नये यासाठी, शिशाची संयुगे सर्रास मिसळलेली असत, आणि केंद्र सरकारने त्यांवर निर्बंध घालणारे नियम 2021 मध्ये केले.

ओघात आले म्हणून सांगतो. घरगुती साबण ‘केमिकल-फ्री’ म्हणून विकणाऱ्यांची सध्या चलती आहे. कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीशिवाय साबण होत नाही. ज्यांना तो हाताळावा लागत नाही, ते बाजारात मिळणारा तयार सोप बेस वितळवत असतात आणि त्यांच्या वाटचा सोडा कारखान्यात आधीच वापरून झालेला असतो. साबण नैसर्गिक आहे एवढ्या भरवशावर मुलांना सोबत घेऊन, चष्मा आणि हातमोजे न घालता हा प्रयोग करू नये. सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये.

आता मूळ अडचणीकडे वळू. साबण ओतल्यानंतर एक-दोन दिवसांनी तो काढायला जावे तर पाइप सोडत नाही. एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसीचे सांधे जोडण्याच्या गोंदाने) कायमची चिकटवलेली असेल तर दोष हवेच्या दाबाचा असतो. 75 मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पाइपाचा आतला व्यास साधारण 70 मिलिमीटर धरला, तर साबणाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 38 चौरस सेंटिमीटर होते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाइतका असतो. बंद टोकाकडे हवा शिरायला वाट नसेल, तर वडी बाहेर ओढताना तिच्यामागे पोकळी तयार होते आणि तुम्हाला जवळजवळ 38 किलो वजनाइतक्या बलाशी झुंजावे लागते. म्हणून टोपण काढता येईल असेच बसवावे.

दोन्ही टोके मोकळी केल्यावर बहुतेक जण लाटणे घेऊन एका बाजूने साबण ढकलू लागतात, आणि या प्रश्नातले सर्वांत रंजक भौतिकशास्त्र इथेच दडलेले आहे. एक दिवसाचा साबण काहीसा मऊ असतो. मऊ घन पदार्थाला एका दिशेने दाबले की तो आडवा फुगतो. पाइपात फुगायला जागा नसल्यामुळे तो भिंतीवर दाब देतो, आणि भिंतीवरचा दाब वाढला की घर्षणही वाढते. म्हणजे साबण सुटावा म्हणून आपण जे बल लावतो, तेच त्याला पाइपात घट्ट धरून ठेवते.

हे गणित 1895 मध्ये यान्सन या जर्मन अभियंत्याने धान्याच्या कोठारांसाठी मांडले. उंच कोठारात धान्य कितीही भरले तरी तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, कारण दाणे भिंतींवर रेटतात आणि उरलेला भार भिंतीचे घर्षणच पेलते. पाइपातल्या साबणालाही तेच समीकरण लागू पडते. मागून लावलेला दाब पुढे सरकताना दर सेंटिमीटरला ठरावीक टक्क्यांनी घटत जातो, म्हणजेच त्याचा ऱ्हास घातांकी असतो. या घातांकात घर्षणांक (घर्षण किती होते ते सांगणारी संख्या), उभ्या दाबाचा आडव्या दिशेने वळणारा हिस्सा आणि लांबी-व्यासाचे गुणोत्तर यांचा गुणाकार येतो, आणि त्याला चारने गुणायचे असते. घर्षणांक 0.3, आडवा हिस्सा 0.8 आणि पाइप व्यासाच्या चौपट लांब, म्हणजे 28 सेंटिमीटरचा धरला, तर घातांक 3.84 येतो आणि ई या संख्येचा (सुमारे 2.718) तेवढा घात सुमारे 46 भरतो. याचा अर्थ, पुढच्या टोकापर्यंत एक किलोइतके बल पोहोचावे म्हणून मागून 46 किलोंचे बल लावावे लागेल. चिकटपणाचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही. पाइप निम्म्या लांबीचा घेतला तर हाच गुणक 46 वरून 7 च्या खाली येतो. गृहीतके ढोबळ आहेत, पण लांबी निम्मी केल्यावर श्रम निम्मे न होता कैक पटींनी का घटतात, हे त्यांतून दिसते. एक लांब पाइप भरण्यापेक्षा दोन आखूड तुकडे भरावेत, ते याच कारणासाठी.

ओढताना हा पेच पडत नाही, कारण ताणलेला पदार्थ आडवा बारीक होतो आणि भिंतीपासून सुटू पाहतो. साबणाला धरायला टोक नसते, म्हणून ओतण्यापूर्वी पाइपात बटर पेपरची किंवा पातळ प्लास्टिकची गुंडाळी घालून तिचा काठ बाहेर ठेवावा. तो काठ ओढला की बल वडीच्या एका तोंडावर न पडता तिच्या साऱ्या अंगावर वाटले जाते. दुसरा उपाय म्हणजे पाइपाला करवतीने लांबीच्या दिशेने एक चीर पाडून तो चिकटपट्टीने बांधून ठेवणे. पट्टी काढून चीर फाकवली की भिंतीचा दाबच नाहीसा होतो.

फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपायही खरा आहे, पण थंडीने पाइपही आकसतो: 45 अंशांच्या घसरणीत 70 मिलिमीटरला सुमारे 0.2 मिलिमीटर. फट पडायची तर साबण त्याहून जास्त आकसायला हवा. गोठून कडक झालेला साबण ढकलताना इतक्या सहज फुगत नाही, त्यामुळे पडलेली फट पुन्हा बुजत नाही, हा त्यातला दुसरा लाभ. बाहेर काढल्यावर पाइप मिनिटभर कोमट पाण्याखाली धरावा. उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अडीच मिलिमीटरच्या भिंतीला मिनिटभर पुरते, तर साबणाच्या गाभ्यापर्यंत ऊब पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे त्या मिनिटभरात पाइप प्रसरण पावतो आणि साबण थंडच राहतो.

वर्गाचा हाच नियम वड्या कापल्यावर उघड्या डोळ्यांनी दिसतो. पुष्कळदा चकतीच्या मधोमध गडद, किंचित पारदर्शक वर्तुळ असते आणि भोवती फिकट कडे असते. अभिक्रियेत निर्माण होणारी उष्णता कडेने निसटते, मध्यभागी साठते, आणि तिथला साबण तापून काही काळ जेलीसारख्या अवस्थेत जातो. कडेचा भाग त्या तापमानाला पोहोचत नाही. मधला भाग कच्चा राहिला असे समजून अनेक जण वड्या फेकून देतात, पण तिथे अभिक्रिया उलट लवकर पूर्ण झालेली असते. सगळी वडी एकसारखी हवी असेल तर ओतल्यावर पाइप जाड टॉवेलात गुंडाळावा, म्हणजे कडाही तापतील. किंवा सरळ फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे मध्यही तापणार नाही. दोन्ही प्रकारच्या वड्या वापरण्यापूर्वी हवेशीर जागी चार ते सहा आठवडे सुकवाव्या लागतात.