कुमार कादंबरीकार (पुणे)

साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिणारा लेखक किंवा लेखिका. या वाचकाला मराठीत कधी ‘किशोर’, कधी ‘कुमार’, तर कधी नुसते ‘मोठी मुले’ म्हणतात, आणि तिन्ही शब्दांत तो पुरता मावत नाही. मराठी कुमार साहित्याचा बराचसा कारभार पुण्यात चालतो. सेनापती बापट मार्गावर बालभारती आहे, पेठांमध्ये आणि डेक्कन परिसरात प्रकाशकांच्या कचेऱ्या आहेत, आणि अप्पा बळवंत चौक तर पुस्तकांचाच. त्यामुळे या लेखकाचे जगणे आणि त्याचे काम या शहराच्या संदर्भात पाहणे सोयीचे आहे.

वयाची अडचण पुरस्कारांच्या नियमांत स्वच्छ दिसते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो आणि मराठीतला पहिला मान पुण्याच्या अनिल अवचटांना मिळाला. तो नऊ ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना असतो. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या युवा पुरस्कारात मात्र ‘युवा’ म्हणजे लेखक, पस्तिशीच्या आतला. म्हणजे पन्नाशीतल्या लेखिकेने अकरावी-बारावीतल्या मुलामुलींसाठी लिहिलेली कादंबरी दोन्ही दारांच्या बाहेर राहते. दुकानातही तिची हीच गत होते. ‘बालसाहित्य’ या पाटीखाली तिला सोळा वर्षांचा मुलगा बघणार नाही, आणि मोठ्यांच्या कपाटात ती त्याला सापडणार नाही. नववीतल्या मुलाचे मन ज्या ताकदीने मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) उतरले, ते पुस्तकही मोठ्यांची कादंबरी म्हणूनच आले, मुलांनी ते आपले आपण शोधून वाचले.

पुण्यातल्या परंपरेचा विचार भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्यापासून सुरू करावा लागतो. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत नेणारे भागवत ‘बालमित्र’ मासिकाचे संपादक होते, पण घराघरांत पोचला तो त्यांचा फास्टर फेणे. बनेश फेणे फुरसुंगीचा. शिकायला पुण्यात, विद्याभवन शाळेत आला. अंगाने काडीसारखा, पायाला सायकल आणि तोंडाला ‘ट्टॉक्’. तो मुलगा पुण्याच्या रस्त्यांवरून एकटा, कुणाला न विचारता फिरे. तेव्हाचे पुणे सायकलींचे शहर होते, त्यामुळे त्या मोकळेपणात कुणाला काही खोटे वाटले नाही. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये चित्रपटात, तोवर कॉलेजात जाणारा तरुण होऊन. फुरसुंगी २०१७ मध्ये महापालिकेत गेले, नंतर बाहेर पडले, आणि आज पुणेकरांच्या बोलण्यात ते नाव बहुतेकदा कचरा डेपोच्या निमित्ताने येते. बन्याच्या गावचा आजचा तेरा वर्षांचा मुलगा हा कादंबरीचा मोठा विषय आहे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. अनेक लेखकांनी मोठ्या मुलांसाठी लिहिण्याचा हात इथेच बसवला. त्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात. ‘साधना’ साप्ताहिक दिवाळीला बालकुमार आणि युवा असे वेगवेगळे अंक काढते, ही वयाची फोड फार मोलाची. पुण्यातच गमभन प्रकाशन चालवणारे ल. म. कडू यांना ‘खारीच्या वाटा’साठी २०१७ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची ती गोष्ट आहे. पुण्याच्या नळाला येणारे पाणी कुणाच्या तरी शिवारावरून येते, हे मुलांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा अशा गोष्टीतून जास्त कळते.

आज लिहायला बसणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न कथानकाचा असतो. साहस घडायला मूल एकटे सापडावे लागते. पुण्यातला आठवीतला मुलगा शाळेच्या व्हॅनमधून उतरतो तो क्लासला, क्लासमधून निघतो तो आईच्या स्कूटरवर, आणि त्याच्या दप्तरात फोन असतो. सायकल सोसायटीच्या आवारातच फिरते. म्हणून बरीच कथानके शहर सोडून सिंहगडाच्या मागे, पानशेत-वेल्ह्याकडे जातात, जिथे डोंगराआड रेंज जाते. हा मार्ग चांगला आहे, पण लेखकाने ती वाट स्वतः चालून पाहिलेली असावी. तोरण्याची चढण न चढता लिहिलेली दमछाक ट्रेकला जाणारी मुले पहिल्या परिच्छेदात पकडतात. दुसरा मार्ग अवघड आणि माझ्या मते अधिक सकस: साहस घरातच शोधायचे. आईवडील वेगळे होत आहेत, मित्राने वर्गाच्या ग्रुपमधून काढून टाकले आहे, गणितात नापास झाल्याचे तीन दिवस कुणाला सांगितलेले नाही.

दुसरा प्रश्न वाचनाच्या वेगाचा. शहरातली पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, पण शिकवली जाणे वेगळे आणि सुखाने वाचता येणे वेगळे. पंधरा वर्षांच्या मुलीचे प्रश्न पंधरा वर्षांचे असतात आणि तिचा मराठी वाचनाचा वेग दहा वर्षांचा. विषय तिच्या वयाचा ठेवून वाक्य हलके करायचे, हे या लेखनाचे खरे कसब आहे. वाक्य हलके करता करता विषयही पोरकट झाला, की ती पुस्तक बंद करते. निवेदनात ‘केले, गेले’ लिहायचे की ‘केलं, गेलं’, हेही इथे ठरवावे लागते. पाठ्यपुस्तकाने पहिले रूप शिकवलेले असते, कानाला दुसरे ओळखीचे असते. आता बहुतेक जण दुसरे निवडतात.

हस्तलिखित तपासायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. दहा-बारा मुले जमवून प्रकरण मोठ्याने वाचायचे आणि पेन्सिल हातात ठेवायची. ज्या ओळीला कुणी चप्पल चाळवली, खिडकीबाहेर पाहिले, तिथे समासात बारीक रेघ मारायची. रेघा एका पानावर दाटल्या, तर ते पान पुन्हा लिहायचे. वर्णनाच्या पानांवर त्या हमखास दाटतात.

या लेखनावर घर चालत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती सहसा हजाराच्या आसपास प्रतींची असते. त्यामुळे लेखक शिक्षक, संपादक, अनुवादक, डॉक्टर किंवा आयटीतला नोकरदार असतो आणि पहाटे किंवा रात्री लिहितो. शिवाय पुस्तक वाचणार मूल आणि विकत घेणार आईबाप. जूनमध्ये वह्या-गाइड घ्यायला आलेले पालक गोष्टीचे पुस्तक हातात घेतात, उलटून ‘यातून काय शिकायला मिळेल?’ विचारतात. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात मात्र मुले स्वतः निवडताना दिसतात.

बोलीचा प्रश्न सर्वांत नाजूक. हडपसर, वाघोली, पिंपरी-चिंचवडच्या शाळांत लातूर-बीड-सोलापूरहून आलेल्या घरांतली मुले मोठ्या संख्येने आहेत. सदाशिव पेठेची भाषा या सगळ्यांच्या तोंडी घातली, तर अर्धा वर्ग पुस्तकाबाहेर राहतो. कादंबरीतली मुलगी वडिलांना ‘अहो पप्पा’ म्हणते, ‘ए बाबा’ म्हणते की ‘अण्णा’ म्हणते, यावरून तिचे घर, गाव आणि घरातला धाक वाचकाला एका हाकेत कळतो. ‘किशोर’च्या जुन्या अंकांतली मुले वडिलांशी कशी बोलतात हे पाहून मग आपल्या पात्राची हाक ठरवणारे लेखक आहेत. ती पहिल्या पानावर ठरवावी लागते, कारण पुढे कितीही भांडण झाले तरी ती मुलगी त्याच हाकेने सुरुवात करणार असते.